स्कोपच्या काचांची झाकणे : मापांपासून बसवणीपर्यंतच्या नोंदी

८ जून २०२४

मृग लागला आणि पहिल्याच सरीत शेतावरच्या रेंजवर ठेवलेल्या एअर रायफलच्या स्कोपवर, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीवर, पाणी उडाले. पुसायला गेलो तेव्हा लक्षात आले की स्कोपबरोबर आलेल्या प्लॅस्टिकच्या पारदर्शक टोप्यांना जोडणारा रबरी पट्टा कधीच तुटलेला आहे आणि पुढच्या भिंगावर धुळीचा थर बसून त्यावर थेंबांचे डाग पडले आहेत. आम्हा चौघा मित्रांच्या मिळून चार रायफली आहेत, सर्व ४.५ मिलिमीटरच्या आणि स्प्रिंगच्या. त्यांच्यावर चार वेगवेगळे स्कोप आहेत आणि एकालाही धड झाकण उरलेले नाही. ती झाकणे मापून, निवडून बसवण्याचे काम मी अंगावर घेतले आहे.

हे काम सोपे म्हणून सोडून देण्यासारखे नाही, हे मागच्या वर्षीच्या माझ्याच चुकीवरून कळले आहे. तेव्हा ‘३-९×४०’ लिहिलेल्या स्कोपसाठी मी डोळे झाकून ‘४० मिलिमीटर’ लिहिलेले झाकण मागवले. ते स्कोपच्या तोंडावर ठेवल्यावर, कढईवर पातेलीची झाकणी ठेवावी तसे दिसले. ज्याची पंचवीस वर्षे टूलरूममध्ये मापे घेण्यात गेली, त्याने लेबल वाचून खरेदी करावी, याची मित्रांनी यथेच्छ थट्टा केली आणि ती रास्तच होती.

९ जून २०२४

आज सर्व मापे घेतली. ‘३-९×४०’ याचा अर्थ दृश्य तीन पटींपासून नऊ पटींपर्यंत मोठे करता येते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर आहे, एवढाच. ते भिंग धातूच्या ज्या घंटेसारख्या तोंडात बसवलेले असते, त्याची भिंत, भिंग धरून ठेवणारी आतली आट्यांची कडी आणि असल्यास फोकसची फिरती रिंग यांची जाडी त्या आकड्यात धरलेली नसते. झाकण मात्र भिंगावर बसत नाही, त्या तोंडावर बसते. तेव्हा आपल्याला हवा तो बाहेरचा व्यास, आणि तोही नेमका झाकण जिथे पकडणार आहे त्या जागेचा. मधल्या नळीचे माप, म्हणजे आमच्या चारही स्कोपांवरचे २५.४ मिलिमीटर, रिंग-माउंट, म्हणजे स्कोप रायफलीवर धरून ठेवणाऱ्या रिंगा, घेताना लागते. झाकणाशी त्याचा संबंध नाही.

व्हर्नियरचा शून्य आधी तपासला. काळ्या ॲनोडायझिंगवर ओरखडे उठू नयेत म्हणून जबड्यांना कागदी टेपचा एकेक थर लावला आणि शून्य पुन्हा बघून तेवढी जाडी वजा केली. प्रत्येक तोंडाचे माप काटकोनात दोनदा घेतले, आणि कडेवर एकदा व कडेपासून १० मिलिमीटर मागे एकदा असेही घेतले. हा शेवटचा भाग महत्त्वाचा ठरला, कारण साध्या ३-९×४० चे तोंड कडेवर ४७.३ आहे आणि मागे ४६.९ होते, म्हणजे किंचित निमुळते आहे. कडेच्या मापाने घट्ट वाटणारे झाकण मागच्या भागात हवेतच राहील आणि सारी पकड पुढच्या दोन-तीन मिलिमीटरवर येईल.

दुसरा स्कोपही ३-९×४० आहे, परंतु त्याच्या तोंडावर अंतरानुसार फोकस जुळवण्याची फिरती रिंग आहे. त्याचा बाहेरचा व्यास ५०.६ भरला. पेटीवर एकच आकडा छापलेल्या दोन स्कोपांत ३.३ मिलिमीटरचा फरक निघाला. मागच्या वर्षीची थट्टा आज खऱ्या अर्थाने पटली. तिसरा ४-१२×५०, त्यालाही फिरती रिंग, व्यास ५९.८. चौथा साधा ४×३२, व्यास ३८.२. आयपीसची, म्हणजे डोळ्याकडच्या टोकाची, मापे अनुक्रमे ३९.९, ४१.७, ४२.४ आणि ३६.८ आली. आयपीसचे माप तर पेटीवर कुठेच लिहिलेले नसते, ते मोजल्याशिवाय कळण्याचा मार्ग नाही.

ज्याच्याकडे व्हर्नियर नाही त्याला काय करता येईल, हेही पाहून ठेवले. कागदाची अरुंद सरळ पट्टी तोंडाभोवती ताणून गुंडाळली, जिथे ती स्वतःवर चढते तिथे टाचणी टोचली आणि दोन छिद्रांमधले अंतर पोलादी पट्टीने मोजले. १४८.९ मिलिमीटर आले. त्याला ३.१४१६ ने भागल्यावर ४७.४, त्यातून कागदाची सुमारे ०.१ मिलिमीटर जाडी वजा केली की ४७.३, म्हणजे व्हर्नियरइतकेच. परिघ मोजण्यात एक मिलिमीटर चूक झाली तरी व्यासात ती एक तृतीयांशच उरते, म्हणून ही पद्धत वाटते तितकी गावठी नाही. मात्र व्यासावर पट्टी आडवी धरून अंदाजाने वाचणे टाळावे. त्यात दीड-दोन मिलिमीटर सहज इकडेतिकडे होतात.

१५ जून २०२४

कोणत्या प्रकारचे झाकण घ्यावे यावर आज चौघांत बोलणे झाले. रबरी पट्ट्याने जोडलेली जोडझाकणे स्वस्त असतात आणि त्यांना मापाची फारशी पर्वा नसते, परंतु दोन्ही बाजू एकदमच काढाव्या लागतात आणि पट्टा आपल्याकडच्या उन्हात दोन उन्हाळ्यांत तडकतो. पूर्ण स्कोपवर चढणारी कापडी खोळ प्रवासासाठी ठीक, पण ओली झाली की तीच ओल धरून बसते. बिजागरीची, बोटाने दाबली की उघडणारी झाकणे वापरायला सर्वांत सोयीची आहेत, आणि मापाच्या बाबतीत तितकीच नाठाळ. आट्यांची धातूची झाकणे सर्वांत पक्की, पण आटे जुळायला हवेत.

बिजागरीच्या झाकणांत बटलर क्रीक हे नाव जुने आहे. त्यांच्या झाकणांवर छापलेले आकडे हे अनुक्रमांक असतात, मिलिमीटर नव्हेत, आणि पुढच्या व मागच्या झाकणांची क्रमवारी निराळी असते. एका मित्राने ‘३०’ हा आकडा वाचून तो व्यास समजला होता. तक्ता उघडून दाखवल्यावर त्याचा विश्वास बसला. आम्हाला मात्र ती झाकणे इकडे पोचेपर्यंतचा खर्च स्कोपच्या निम्म्या किमतीवर जात होता, म्हणून आम्ही व्यासाची श्रेणी लिहून विकली जाणारी साधी झाकणे घ्यायचे ठरवले.

२२ जून २०२४

मागणी नोंदवली. पहिल्या दोन स्कोपांसाठी पुढची व मागची, आणि तिसऱ्यासाठी सध्या फक्त मागची. श्रेणी निवडताना आपले माप श्रेणीच्या वरच्या टोकाकडे येईल असे पाहिले, म्हणजे झाकण ताणून बसेल. माप खालच्या टोकाला आले, तर लवचीक प्लॅस्टिक काही महिन्यांत सैल पडते. ४×३२ साठी एवढ्या लहान मापाचे काही मिळाले नाही.

२ जुलै २०२४

पार्सल आले. विक्रेत्याने लिहिलेली श्रेणी आणि हातात आलेली वस्तू यांत फरक असू शकतो, म्हणून बसवण्याआधी प्रत्येक झाकणाचा आतला व्यास मोजला. साध्या ४० साठीचे ४६.८ भरले, म्हणजे तोंडापेक्षा अर्धा मिलिमीटर कमी, हे उत्तम. फिरत्या रिंगवाल्यासाठीचे ५०.२, तेही चालेल. पण त्याच साध्या ४० च्या आयपीससाठीचे ३९.७ निघाले, ३९.९ वर फक्त ०.२ ची ताण. बोटांना ते घट्ट वाटले, म्हणून तसेच बसवले.

बसवण्यासाठी तेल किंवा साबण लावू नये. तेल भिंगाकडे ओघळते आणि पकडही जाते. कोमट पाण्यात पाच मिनिटे ठेवून, कोरडे पुसून, गरम असतानाच दाबले की झाकण मऊपणाने चढते आणि थंड होताना आवळते. पहिल्या झाकणाला सर्व बाजूंनी सारखे ढकलण्याऐवजी मी एका बाजूने दाबले आणि ते तिरके अडकले. काढून पुन्हा गरम करावे लागले.

फिरत्या रिंगच्या स्कोपवर दोन अडचणी एकदम समोर आल्या. झाकणाची खोली १४ मिलिमीटर आणि रिंगवरचे अंतराचे आकडे कडेपासून ११ मिलिमीटरवर सुरू होतात. पूर्ण दाबले की आकड्यांचे डोके झाकले जाते आणि १५ कुठे व २५ कुठे हे चाचपावे लागते. दुसरे म्हणजे झाकण त्या रिंगवरच बसल्यामुळे रिंग फिरवली की झाकणही फिरते. जवळच्या खुणेपासून दूरच्या खुणेपर्यंत ती रिंग जवळजवळ पाऊण फेरा घेते, तेव्हा जवळच्या अंतराला वर उघडणारे झाकण दूरच्या अंतराला आडवे किंवा थेट खाली, रायफलीच्या नळीच्या अंगावर उघडते.

पहिल्याचा उपाय झाकणाची मागची कड ४ मिलिमीटरने कापणे हा. चाकूने कापले असते तर कड वाकडी झाली असती, म्हणून लाकडी गोल ठोकळ्यावर चढवून लेथवर हळू फेऱ्यांत धारदार टूलने कापले. दुसऱ्याला उपाय असा नाही, तडजोड आहे. आम्ही बहुतेक वेळ एकाच अंतरावर, सुमारे २० मीटरवर नेम धरतो. त्या अंतराला रिंग आणून बिजागरी डावीकडे ठेवली. मग थोडे पुढेमागे फिरवले तरी झाकण नळीला लागत नाही.

६ जुलै २०२४

पाऊस उघडलेला असल्याने रेंजवर चाचणी घेता आली. प्रत्येक झाकणाच्या कडेवर आणि शेजारच्या धातूवर मिळून पांढऱ्या पेन्सिलीची एकच रेघ ओढली, म्हणजे झाकण सरकले की रेघ तुटेल.

साठ छर्ऱ्यांनंतर पुढच्या दोन्ही झाकणांच्या रेघा जशाच्या तशा होत्या. साध्या ४० च्या आयपीसवरचे झाकण मात्र तब्बल दीड मिलिमीटर मागे सरकले होते. मला उलटे वाटले होते. दारूच्या काडतुसाच्या रायफलीत धक्का मागे बसतो. रायफल मागे जाते, झाकण जागीच राहू पाहते, त्यामुळे आयपीसचे झाकण आणखी आत दाबले जाते आणि पुढचे निसटू पाहते. स्प्रिंगच्या एअर रायफलीत मात्र दोन धक्के असतात. दट्ट्या पुढे झेपावतो तेव्हा रायफल मागे येते, आणि दट्ट्या हवेच्या उशीवर आदळून थांबतो तेव्हा ती झटक्याने पुढे जाते. हा दुसरा धक्का तीव्र असतो, आणि मोठ्या रायफलींवर वर्षानुवर्षे टिकलेले स्कोप स्प्रिंगच्या रायफलीवर आतून खिळखिळे होतात ते याच उलट्या धक्क्यामुळे. या पुढच्या झटक्यात आयपीसचे झाकण मागे राहते, म्हणजे निघू पाहते. तेव्हा स्प्रिंगच्या रायफलीसाठी मागच्या झाकणाची पकड पुढच्यापेक्षा जास्त हवी. निवड करताना मी नेमका त्याच ठिकाणी ०.२ वर समाधान मानले होते.

इन्सुलेशन टेपची जाडी मोजली, ०.१२५ मिलिमीटर. आयपीसवर एक वेढा दिला की व्यासात ०.२५ ची भर पडते आणि ३९.९ चे ४०.१५ होते, म्हणजे ताण ०.४५ वर जाते. वेढ्याची टोके एकमेकांवर न चढवता खालच्या बाजूला कडेला कड भिडवून कापली, कारण चढलेल्या जागी झाकण फुगते आणि तिथून धूळ शिरते. पुन्हा चाळीस छर्रे मारले. रेघ हलली नाही.

१४ जुलै २०२४

आज ४-१२×५० चा प्रश्न घेतला. त्याचे तोंड इतके मोठे आहे की ते रायफलीच्या नळकांड्याला जवळजवळ टेकते. मधली फट मोजायला फीलर गेज आत जाईना, म्हणून व्हिजिटिंग कार्डे एकावर एक सरकवली. ०.३ मिलिमीटरची पाच कार्डे गेली, सहावे अडकले. फट दीड मिलिमीटर. बिजागरीच्या झाकणाच्या भिंतीची जाडी १.८ मिलिमीटर. म्हणजे व्यास कितीही अचूक निवडला असता तरी हे झाकण बसलेच नसते. पन्नास किंवा त्याहून मोठ्या भिंगाच्या स्कोपसाठी ही फट आधी मोजावी आणि व्यास नंतर, असे मी वहीत वेगळ्या पानावर लिहून ठेवले आहे.

उंच रिंगा लावून स्कोप वर उचलता आला असता. पण मग गाल लाकडावर टेकवून डोळा स्कोपच्या रेषेत येत नाही, मान उचलावी लागते, आणि नव्याने झिरो करणे, म्हणजे नेम आणि छर्ऱ्याचा मारा पुन्हा जुळवणेही आले. झाकणासाठी रायफलीची बैठक बदलणे म्हणजे टोपीसाठी डोके तासण्यासारखे आहे. तोंडाच्या आत पुढच्या बाजूला मोकळे आटे दिसले. आट्यांमधले अंतर मोजणाऱ्या पिच गेजचे ०.७५ चे पान त्यात नीट बसले आणि आट्यांचा मोठा व्यास ५४ च्या आसपास आला. आट्यांचे झाकण आतून बसते, बाहेर काहीच वाढत नाही. ते लेथवर करून घ्यायचे ठरवले.

धातूचे करावे की प्लॅस्टिकचे, यावर कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या वर्कशॉपमधल्या मामांशी बराच वेळ बोलणे झाले. त्यांचे म्हणणे ॲल्युमिनिअमचे करू, दिसायला झकास. मला ॲल्युमिनिअमवर ॲल्युमिनिअमचे बारीक आटे नको होते. धुळीचा एक कण गेला तरी ते एकमेकांना चिकटतात, आणि मग खराब व्हायचे ते दोनशे रुपयांचे झाकण नव्हे, स्कोपचे तोंड. डेलरिन या टणक प्लॅस्टिकचे करायचे ठरले. डेलरिन उष्णतेने ॲल्युमिनिअमच्या चौपटीहून अधिक प्रसरण पावते. ५४ मिलिमीटरवर २५ अंशांच्या फरकाला दोघांत सुमारे ०.१२ मिलिमीटरचा फरक पडतो, आणि आतला भाग डेलरिनचा असल्याने उन्हात तो फुगून अडकेल. म्हणून आटे ०.२ मिलिमीटर सैल ठेवायला सांगितले. मामा म्हणाले, “सैल आटा करायला पहिल्यांदाच कुणी पैसे देतंय.”

२७ जुलै २०२४

पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली असल्याने वर्कशॉप, रेंज आणि टपाल, सर्वच थांबले आहे. घरी बसून रायफलींची तपासणी केली.

ज्या मित्राने नवी झाकणे लावल्यावर रायफल कपाटात बंद करून निर्धास्तपणे ठेवली होती, त्याच्या स्कोपच्या पुढच्या भिंगावर झाकणाच्या आतून धुक्यासारखी वाफ धरलेली दिसली. पावसातून आल्यावर त्याने बाहेरून पुसले आणि झाकण लगेच मिटले. घट्ट झाकणाने पाणी जसे बाहेर राहते तसेच आतले आतही राहते. अशा कोंडलेल्या ओलीत महिना गेला की भिंगावर बुरशीचे जाळे धरते आणि ते भिंगावरच्या पातळ लेपात उतरले की पुसून जात नाही. बुरशी अजून नव्हती, हे नशीब. ब्लोअरने धूळ उडवून, मऊ कापडाने टिपून, झाकणे उघडी ठेवून चारही स्कोप एका हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या निळ्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवले. संध्याकाळपर्यंत निळे दाणे कडेने गुलाबी झाले होते. यापुढे पावसाळ्यात रायफल घरी असताना झाकणे उघडी आणि डब्यात जेल, व वाटेत आणि रेंजवर झाकणे मिटलेली, असा नियम केला.

२ ऑगस्ट २०२४

काल पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळाले. आज सकाळपासून तिघांनी विचारले की त्याच्या रायफलीवर कुठला स्कोप होता. त्या प्रकारात दुर्बीण चालतच नाही. मागे बारीक छिद्राची साइट आणि पुढे कडे, दृष्टिदोषासाठी लागलेच तर एक साधे भिंग. पन्नास मीटरवरून दहाचे वर्तुळ गाठणाऱ्याला झाकणांची काळजी नाही, आणि वीस मीटरवर डबे पाडणारे आम्ही दोन महिने त्यातच आहोत. काम पुढे चालू.

११ ऑगस्ट २०२४

डेलरिनचे झाकण मिळाले. हाताने अडीच फेऱ्यांत बसते आणि दुपारच्या उन्हात तासभर ठेवूनही अडकले नाही. एक गोष्ट ध्यानात आली : झाकण उघडताना फोकसची रिंगही बरोबर फिरते, म्हणून डाव्या हाताने ती धरूनच उजव्याने झाकण काढावे लागते, नाहीतर अंतराची जुळणी दर वेळी बिघडते. बिजागरीच्या झाकणाइतके हे चटकन उघडत नाही, पण निशाणा काही पळून जात नाही.

दोनशे छर्ऱ्यांनंतर सर्व रेघा तपासल्या. फक्त कापलेल्या झाकणाची रेघ अर्धा मिलिमीटर तुटली आहे. खोली १४ वरून १० वर आल्याने पकड तेवढी कमी झाली, हे अपेक्षित होते. तिथेही टेपचा एक वेढा दिला.

४×३२ चे काम शेवटी घरातच झाले. औषधाच्या गोळ्यांच्या मोठ्या डबीचे झाकण ३८.२ च्या तोंडावर किंचित सैल बसत होते. आतून काळ्या फेल्टची पट्टी चिकटवली, तेव्हा ते दाबून बसले आणि उलटे धरले तरी पडले नाही. आयपीससाठी त्याच जातीचे, पण दीड मिलिमीटर लहान झाकण हवे आहे. सौभाग्यवतींनी मुरंब्याच्या बरण्यांना हात लावायचा नाही असे बजावले असल्याने उद्या औषधाच्या दुकानात व्हर्नियर घेऊन जाईन.